सेकंडहँड थिंकपॅड टी४८०: घ्यावा, पण आधी एफ१ दाबून

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला किंवा वाशीत जुन्या लॅपटॉपच्या दुकानात शिरलं की काळ्या थिंकपॅडची चळत दिसतेच. कंपन्यांच्या लीजमधून सुटलेला माल. त्यात लेनोवोचा टी४८० अजूनही घेण्यासारखा आहे. मॉडेल २०१८ चं, म्हणजे वय झालंय. पण रॅमच्या दोन्ही कांड्या काढता-घालता येतात, साठवण बदलता येते, मागची बॅटरी बोटांनी निघते. पुढच्या टी४९० मध्ये अर्धी रॅम बोर्डावरच डकवलेली असते. नावात शेवटी 'एस' असलेल्या टी४८०एसचंही तेच, आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात 'फोर एटी' म्हणतो. म्हणून खालचं लेबल वाचूनच पैसे मोजावेत.

टी४७० थोडा स्वस्त मिळतो, पण तो सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलचा, विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेरचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरीही कुणी टी४७० वर ११ टाकून देत असेल, तर ती आडवाट आहे. टी४८० मध्ये बहुतेक वेळा आठव्या पिढीचा चार कोअरचा आय५ असतो आणि तो यादीत बसतो.

दुकानात सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे लॅपटॉप बंद करून चालू करणं आणि लोगो दिसताच एफ१ दाबणं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जायला पासवर्ड विचारला तर तो सौदा सोडावा. थिंकपॅडचा हा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, बोर्डावरचा घड्याळाचा कॉइन सेल काढून तो जात नाही. "नंतर काढून देतो" हे ऐकून घरी आणू नये. मग विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढावा. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता त्यात शेजारीशेजारी दिसतात. आत २४ वॅट-अवरची बॅटरी असते, बाहेर २४, ४८ किंवा ७२ ची. बाहेरचीच आधी वापरली जाते, त्यामुळे तीच जास्त थकलेली असणार. टचपॅड एका बाजूनं उचललेला किंवा दाबायला कडक वाटला तर आतली बॅटरी फुगलीय असं समजावं आणि दुसरा नग बघावा.

रॅम विकत घेताना फार विचार लागत नाही: लॅपटॉपची डीडीआर४, १.२ व्होल्ट, २६० पिनची. २६६६ किंवा ३२०० मेगाहर्ट्झची कांडी बसते, चालते मात्र २४०० वरच, तेव्हा वेगासाठी जादा पैसे देऊ नयेत. मूळ ८ जीबीची एकच कांडी असेल तर शेजारी दुसरी ८ ची घालावी. दोन्ही चॅनल चालू झाले की ग्राफिक्सलाही हात मिळतो, कारण ते रॅममधूनच उसनं घेतं. कंपनीच्या कागदावर कमाल ३२ जीबी आहे.

आता उघडणं. नुकसान होतं ते इथेच, आणि बहुतेक वेळा घाईमुळे. बाहेरची बॅटरी काढली की काम झालं असं वाटतं, पण आतली जिवंतच असते. अशा बोर्डावर स्क्रूड्रायव्हर घसरला किंवा रॅम हलवली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. क्रम असा: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तो स्थगित करून रिकव्हरी कीची प्रत बाहेर ठेवायची. चार्जर काढून बायोसमध्ये जायचं, कॉन्फिग, मग पॉवर, मग बिल्ट-इन बॅटरी बंद करण्याचा पर्याय. लॅपटॉप स्वतः बंद होतो. आता बाहेरची बॅटरी काढायची आणि तळाचे स्क्रू सैल करायचे. हे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, ओढून बाहेर काढू नयेत. झाकण क्लिपांवर असतं. प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवावं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसला की कड कायमची चेपते.

हाताला धातूचा स्पर्श करून घ्यावा. ठाण्या-वाशीच्या जुलैतल्या दमट हवेत स्थिर वीज कमी त्रास देते, पण दिवसभर एसी चालणाऱ्या कोरड्या खोलीत सिंथेटिक शर्ट आणि गालिचा असेल तर काळजी घ्यावीच. कांडीच्या सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून तिरकी सरकवायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूच्या पकडी टक्क वाजल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली कांडी हेच 'रॅम खराब निघाली' या तक्रारीचं नेहमीचं कारण.

झाकण लावून बटण दाबलं की काहीच होत नाही. इथे भलेभले घाबरतात. बंद केलेली आतली बॅटरी चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाही, एवढंच. सुरू करताना तारखेची २७१ ची चूक पुन्हा पुन्हा दिसली तर कॉइन सेल संपलाय. नव्या रॅमवर एक रात्र मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. एकही चूक निघाली तर कांडी परत द्यावी.

साठवणीत एक मेख आहे. बहुतेक नगांत २.५ इंची साटा जागा असते, तिथे ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी थेट बसते आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वेग देते. एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान एसएसडी, हवी तर त्या जागेसाठी वेगळा ट्रे, अडॅप्टर आणि केबलचा संच लागतो. तोही डेटाच्या दोनच लेनवर चालतो, म्हणजे सेकंदाला २ जीबीच्याही आत. सेकंदाला सात हजार एमबीचा आकडा छापलेली महागडी एसएसडी इथे निव्वळ शोभेची. साधी १ टीबी घ्यावी, उरलेल्या पैशांची बॅटरी.

टी४८० ची खरी दुखरी नस म्हणजे यूएसबी-सी. २०१७ ते २०१९ च्या थिंकपॅडमधल्या थंडरबोल्टच्या (यूएसबी-सीमधल्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता आणि त्यानं पोर्ट हळूहळू काम करेनासे होतात. लेनोवोनं दुरुस्त फर्मवेअर केव्हाच दिलंय, पण लीजवरच्या अनेक नगांवर ते कुणी चढवलेलंच नसतं. म्हणून घरी आल्यावर पहिल्याच दिवशी, पूर्ण चार्ज असताना आणि चार्जर लावून, हे अपडेट करावं. दुकानात दोन्ही पोर्टांवर चार्जिंग होतं का आणि एखादा पेनड्राइव्ह ओळखला जातो का, ते बघावं. चार्जर ६५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा असावा. लोकलच्या गर्दीत सी पिन आत ठेवून बॅग आवळली की पोर्टचा बोर्डाशी असलेला टाका सुटतो. मग तो बोर्डाचा खर्च, पिनचा नव्हे.

बॅटरी टिकवायची असेल तर लेनोवोच्या व्हँटेज अॅपमध्ये चार्जची मर्यादा ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवावी. दिवसभर टेबलावर चार्जर लावून वापरणाऱ्यांसाठी तर हे आवश्यकच. पंखा साफ करताना पाती बोटानं धरून हवा मारावी, नाहीतर तो उलट वेगानं गरगरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची असेल तर हीटसिंकवरचे क्रमांक पाहून स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीनं सैल करावेत.

राहिला पडदा, आणि इथे टी४८० ला पदरचे गुण देता येत नाहीत. १३६६ बाय ७६८ चा टीएन पडदा बाजूनं पाहिला की रंग उडालेले दिसतात. १९२० बाय १०८० चा आयपीएस, म्हणजे बाजूनंही रंग टिकवणारा पडदा असलेलाच नग मागावा. तोही २५० निट्स उजेडाचा, खिडकीजवळ फिकाच.