डोळ्यांसाठी गोळी की पालेभाजी?

सदाशिव पेठेतल्या काकूंच्या डोळ्याच्या पडद्याला वयोमानाची झीज निघाली. अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात की मंडईतली पालक-मेथी पुरे, हा त्यांचा पेच. पडदा ऑक्सिजन भरपूर खातो, वर सतत उजेड. ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी कणांनी होणारी पेशींची झीज, तिथे यायचाच; अँटिऑक्सिडंट तीच रोखतात.

पुराव्यात गोळी सरस. २००१च्या आरेड्स या अमेरिकन चाचणीत अँटिऑक्सिडंट आणि जस्ताच्या गोळीने मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पालकात ल्युटीन हे डोळ्यांना पोषक रंगद्रव्य मुबलक, पण त्या गोळीतलं ८० मिलिग्रॅम जस्त ताटातून येत नाही.

खर्चात जुडीच परवडते. निवडायचा कंटाळा तेवढा!

धोका दोन्हींत. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट असलेली गोळी सिगारेट ओढणाऱ्यांनी टाळावी, फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती असते. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालक एकदम वाढवू नका.

मध्यम टप्पा असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, जोडीला भाजी. सुरुवातीच्या टप्प्यात किंवा धडधाकट डोळ्यांना भाजीच बरी.