सर्व्हर रूमसाठी एफएम-२०० की एफके-५-१-१२? आधी खोली तपासा

छोट्या सर्व्हर रूमसाठी आग विझवणाऱ्या गॅस सिस्टिमचं कोटेशन मागवलं की दोन नावं हमखास येतात: एचएफसी-२२७ईए, म्हणजे एफएम-२००, आणि एफके-५-१-१२, जो नोव्हेक १२३० या नावाने ओळखला गेला. दोन्ही वायू सर्किट बोर्डावर डाग ठेवत नाहीत आणि वीज वाहून नेत नाहीत. नवी सिस्टिम घ्यायची तर आमचा कौल एफकेला. एफएम-२००ची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त आहे, एफकेची मात्र जवळपास कार्बन डायऑक्साइडइतकीच. एचएफसी वायू कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार भारतात २०२८पासून एचएफसीच्या (एफएम-२०० त्यातलाच) वापरावर मर्यादा येते, त्यामुळे पुढे रिफिलची अडचण होऊ शकते. नोव्हेक बनवणाऱ्या ३एमने २०२५अखेर हे उत्पादन सोडायचं २०२२मध्येच जाहीर केलं होतं. एफके इतर उत्पादकांकडून मिळतो. म्हणून गॅस कोणाचा, त्याचं प्रमाणपत्र कोणतं, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. सिलिंडरला नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरची सुरक्षा पाहणारी केंद्रीय संस्था) मान्यता आहे ना, तेही पाहा.

आता हिशोब. ५ बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ६० घनमीटर. २० अंशांना खोलीच्या हवेत ७.५ टक्के प्रमाणासाठी एफएम-२०० साधारण ३५ किलो लागतो, ५.३ टक्क्यांसाठी एफके साधारण ४७ किलो. रेझ्ड फ्लोअरखाली (केबलसाठी उचलून बसवलेली जमीन) ३० सेंटीमीटर पोकळी असेल तर आणखी ६ घनमीटर, म्हणजे एफकेचे जवळपास ५ किलो वाढतात. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच पोकळी गाळलेली असते.

पण गॅस कितीही चांगला असला तरी गळक्या खोलीत पैसे वायाच जातात. गॅस १० सेकंदांत सुटतो आणि आग पुन्हा पेटू नये म्हणून साधारण १० मिनिटं टिकावा लागतो. हवेत मिसळलेला हा गॅस जड असल्याने दाराखालची फट, फ्लोअरखालची केबलची भोकं अशा खालच्या वाटांनी निघून जातो. भोकं फायर सीलंटने बुजवा, बाहेरची हवा आणणारा डॅम्पर (डक्टमधली झडप) फायर पॅनेलच्या सिग्नलवर बंद होऊ द्या आणि हस्तांतराआधी डोअर फॅन टेस्टचा (दारात पंखा लावून खोलीची गळती मोजणारी चाचणी) रिपोर्ट मागा. खोली घट्ट झाली की दाब सोडणारा व्हेंटही हवा, नाहीतर फॉल्स सीलिंग उखडते.

डिटेक्टर दोन झोनमध्ये हवेत: पहिल्याने हूटर, दुसऱ्याने ३० सेकंदांची उलटी गणती. गॅस सुटणं थांबवणारा अबॉर्ट स्विच दाराशीच बसवा.

नोझल रॅककडे तोंड करून लावू नका. सप्टेंबर २०१६मध्ये बुखारेस्टच्या आयएनजी बँकेत आग विझवणाऱ्या निष्क्रिय वायूच्या चाचणीतल्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क बिघडल्या होत्या. कमी आवाजाचे नोझल मिळतात, ते घ्या.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सिलिंडरचं वजन दर सहा महिन्यांनी करून घ्या. गेजवरचा दाब प्रामुख्याने वर भरलेल्या नायट्रोजनचा असतो, त्यामुळे त्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही. वजन ५ टक्क्यांनी किंवा तापमानाचा हिशोब धरून दाब १० टक्क्यांनी घटला तर रिफिल हवंच. आणि टेस्टसाठी काढलेला सोलेनॉइड (सिलिंडरची झडप विजेने उघडणारा भाग) परत बसवल्याची सही रजिस्टरमध्ये घ्या; तो लटकता राहिला तर आग लागल्यावर हूटर वाजतो, गॅस मात्र सुटत नाही.