बबल टिपची पिल्लं म्हणून मजानो गळ्यात: पैसे देण्याआधी खोड बघा

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, नव्या हौशी माणसाला हमखास फसवणारा सौदा म्हणजे ‘बबल टिपची पिल्लं’. बबल टिप हा समुद्री ॲनिमोन: पायाने खडकाला चिकटणारा, तोंडाभोवती टेंटॅकलचा (मऊ सोंडांचा) झुपका असलेला जीव. मुठीएवढा लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला समुद्री खडक), त्यावर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे दहा-बारा हिरवट जीव, टेंटॅकलची टोकं फुगीर. निळ्या दिव्याखाली झकास चमकतात. विकणारा सांगतो, ‘मोठी झाली की क्लाउन फिश यातच राहील.’ मोठं काहीच होत नाही, नुसती संख्या वाढते. तो मजानो नावाचा बारका ॲनिमोन असतो, टँकमधलं तण. काही महिन्यांत खडकभर पसरतो आणि शेजारच्या कोरलला डंख मारून जागा बळकावतो.

बबल टिप टँकमध्ये बहुतेक वेळा दुभंगून वाढतो. त्यामुळे त्याचा नवा तुकडासुद्धा सुपारीएवढा तरी असतो आणि तोंड काही दिवस एका कडेला ओढलेलं दिसतं. एकाच खडकावर कणीएवढ्या डझनभर ‘पिल्लांचा’ घोळका दिसला की तिथेच थांबावं.

फुगीर टोकांवर तर मुळीच जाऊ नये. खऱ्या बबल टिपचे फुगेही कित्येकदा जातात आणि टेंटॅकल लांब, सरळ होतात. मग तोच जीव ‘लाँग टेंटॅकल’ या दुसऱ्या जातीचा ॲनिमोन म्हणूनही खपवला जातो. विकणारा ॲनिमोन वरून दाखवतो, तुम्ही बाजूने बघा. काचेला डोळा लावून, पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात, खोड, म्हणजे टेंटॅकलखालचा देठासारखा भाग. बबल टिपचं खोड गुळगुळीत असतं आणि पाय खडकाच्या फटीत घट्ट रुतलेला. लाँग टेंटॅकलचं खोड खाली नारिंगी-लालसर, वरच्या भागात फिकट पुटकुळ्या, पाय वाळूत खोल. सेबे म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रिस्पा ॲनिमोनचं खोड चामड्यासारखं असतं आणि त्यावरच्या चिकट पुटकुळ्यांना बारीक खडे चिकटलेले सापडतात. जांभळ्या टोकांचा ‘सेबे’ दाखवला आणि खोडावर एकही पुटकुळी नसली, तर तो बहुधा कॅरिबियन समुद्रातला काँडिलॅक्टिस ॲनिमोन. निसर्गात क्लाउन फिश त्यात राहत नाही. दुकानातल्या टँकमध्ये मासा आत शिरलेला दाखवतात, पण तो पुरावा नव्हे. टँकमध्ये वाढलेला क्लाउन कोरलमध्येही घर करतो.

रंगाची लबाडी याहून वाईट, कारण तिच्यात जीवच जातो. पिवळाधमक किंवा गडद निळा-जांभळा, टेंटॅकलपासून तोंडापर्यंत एकच रंग, असा ॲनिमोन बहुधा रंगवलेला असतो. त्याच्या ऊतींत राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल आधीच गेलेलं असतं. दुधासारखा पांढरा ‘दुर्मिळ’ सेबे हाही तसलाच, उपाशी. निरोगी जीवात तपकिरी किंवा हिरवट झाक राहते, तोंड मिटलेलं असतं आणि पाय फाटलेला नसतो. तोंड आ वासलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळो, नको.

मजानो घरी आलाच असेल तर आख्खा खडक बाहेर काढणं सगळ्यात सोपं. ब्लेडने खरवडू नका, मागे राहिलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. खडक काढणं शक्य नसेल तर हातमोजे आणि चष्मा घालून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट करा, सगळे पंप बंद करा आणि सिरिंजने प्रत्येकाच्या तोंडावर, तो पुरता झाकेल इतकी सोडा. 15 मिनिटांनी पंप चालू. एका दिवसात चार-पाचच, नाहीतर पीएच एकदम चढतो. मजानोवर उपाय म्हणून पेपरमिंट कोळंबी पुढे केली जाईल (बऱ्याचदा त्याच विक्रेत्याकडून). ती आयप्टेशिया (तणासारखा पसरणारा दुसरा ॲनिमोन) खाते, मजानोला सहसा तोंड लावत नाही.