तोंड पाहून ओळखायची बारूददाने: इंग्लंडमधील एका दुकानाचा अनुभव

बर्मिंगहॅमपासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, एका जुन्या गावाच्या बाजारपेठेत, पुराण्या शस्त्रांचे एक लहानसे दुकान आहे. गेल्या चार वर्षांत मी तिथे सहा वेळा गेलो, तीन वस्तू विकत घेतल्या आणि एका वस्तूवरून मालकांशी वादही घातला. तो वाद पुढे सांगणारच आहे. पण मालकांनी आपली चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली असल्यामुळे ती दुकानाला कायमची चिकटू नये, म्हणून नाव मी मुद्दाम दिलेले नाही.

दुकानात तलवारी आहेत, ढाली आहेत, पिस्तुले आहेत. मी जातो ते मात्र आतल्या खोलीतल्या एका काचेच्या कपाटासाठी, कारण त्यात निरनिराळ्या देशांची तीस-पस्तीस बारूददाने, म्हणजे बंदुकीची दारू जवळ बाळगायची भांडी, मांडलेली असतात. ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओतावी लागे. ती कोरडी राहावी, ठिणगीपासून दूर असावी आणि ऐन वेळी नेमक्या मापाने बाहेर पडावी, ही गरज सगळीकडे सारखीच होती. ती भागवण्यासाठी प्रत्येक मुलखाने हाताशी असेल ते वापरले: कुणी म्हशीचे शिंग, कुणी सांबरशिंग, कुणी लाकूड, चामडे, शिंपला किंवा तांब्याचा पत्रा. त्यामुळे हे कपाट पाहताना एकाच प्रश्नाची पंचवीस उत्तरे शेजारी शेजारी ठेवल्यासारखी वाटतात.

या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे वस्तूला बांधलेली चिठ्ठी. इतर विक्रेत्यांकडे ‘पौर्वात्य, अठरावे शतक’ एवढ्यावर काम भागते. इथे चिठ्ठीवर देश आणि अंदाजे काळ तर असतोच, पण तो अंदाज कशावरून बांधला, कोणता भाग मूळचा आहे आणि कोणता नंतर बसवला आहे, हेही लिहिलेले असते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातले एक तिकोनी बारूददान तिथे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे काही दशके बंदूकधारी शिपाई कमरेला अडकवीत त्या जातीचे. लाकडाच्या अंगावर चामडे आहे, कडांना लोखंडी पट्ट्या आहेत. चिठ्ठीत स्पष्ट लिहिले आहे की वरची तोटी मूळची नाही, कारण तिच्याभोवतीचे लोखंड पट्ट्यांच्या लोखंडाइतके झिजलेले नाही. ही एक ओळ लिहिली नसती तर किंमत सहज वाढवता आली असती. ती लिहिली गेली, यासाठी मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

बारूददान ओळखताना नवा संग्राहक नक्षी पाहतो. माझेही सुरुवातीला तेच होत असे. या दुकानात वस्तू हातात घेऊ देतात, म्हणूनच नक्षीऐवजी तोंड पाहायला मी शिकलो. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स या कारखान्याचे एकोणिसाव्या शतकातले तांब्याचे बारूददान मी इथूनच ९५ पौंडांना घेतले. तांब्याच्या पत्र्याचे दोन उठावदार अर्धे भाग एकमेकांना झाळून त्याचे पोट तयार केलेले आहे. वर पितळी टोपण, त्यावर तोटी आणि बाजूला बोटाने दाबायची कळ. तोटीवर आकडे कोरलेले आहेत: २½, २¾, ३. हे ड्रॅमचे माप, आणि ३ ड्रॅम म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम दारू. तोटीच्या तोंडावर बोट ठेवायचे, भांडे उलटे करायचे, कळ दाबायची, तोटी भरली की कळ सोडायची. आतली पट्टी पोटातील दारू अडवते आणि तोटीत नेमका एका बाराचा ऐवज उरतो. शिकाऱ्याचे बोट ज्या जागी वर्षानुवर्षे टेकले, तिथली कळ माझ्या बारूददानावर गुळगुळीत झाली आहे, आणि तिच्या खाचेत मात्र जुना काळपटपणा टिकून आहे. हल्लीच्या नकलांमध्ये याच्या नेमके उलट दिसते. सगळीकडे सारखाच काळा रंग चढवलेला असतो, उठाव बोथट असतो, आणि कळ इतकी सैल असते की दारू अडणारच नाही. ठासणीच्या बंदुकींचा छंद विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाल्यापासून अशा नकला भरपूर निघाल्या आहेत. त्या वापरण्यासाठी बनल्या, यात गैर काही नाही. त्या जुन्या म्हणून विकल्या जातात, ते गैर आहे.

माझी दुसरी खरेदी आपल्याकडची आहे. म्हशीच्या काळ्या शिंगाची, तळहातात मावेल एवढी, एका टोकाला काळविटाचे डोके कोरलेली ही रंजकदाणी उत्तर भारतातील आहे. तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीने डागायच्या, बंदुकीला दोन प्रकारची दारू लागे: नळीत भरायची जाड दाण्याची, आणि कानाजवळच्या (नळीच्या बाजूला असलेल्या छिद्राजवळच्या) वाटीत पेरायची बारीक रंजक. दाणीचे तोंड इतके अरुंद आहे की त्यातून जाड दाणा पडणारच नाही; त्यावर छोटी झाकणी, आणि झाकणीला दाबून धरणारी पोलादी पट्टी. केवळ या तोंडावरून ती रंजकेची आहे हे सिद्ध होते, काळवीट असो वा नसो. याच घडणीच्या हस्तिदंती दाण्या मुघल काळात कोरल्या गेल्या आणि त्यांतील काही आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. शिंगाच्या दाण्यांकडे त्या मानाने कुणाचे लक्ष जात नाही, याचे मला वाईट वाटते.

ही दाणी घेताना मी मालकांना एक अवघड प्रश्न विचारला: ही भारताबाहेर केव्हा आली? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, आणि त्याआधी १९४७ चा निर्यात नियंत्रणाचा कायदा होता. त्यांनी न रागावता कपाटाखालच्या खणातून एका लिलावाची १९३८ सालची इंग्लंडमधील पावती काढून दाखवली. पावती नसती तर मी दाणी घेतली नसती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेही. भारतीय वस्तू परदेशात विकत घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

हस्तिदंताच्या बाबतीतही हे दुकान काटेकोर आहे. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ च्या जूनपासून अमलात आला आणि हस्तिदंती वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. १९४७ पूर्वीची, दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणी करून विकता येते. कपाटातील लाखकाम केलेल्या जपानी बारूददानाची तोटी हस्तिदंताची आहे, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे. पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर बंदूक पोहोचली आणि जपानी कारागिरांनी तिच्याबरोबरचे सारे सामान आपल्या लाखकामात उतरवले. हे बारूददान इतके हलके आहे की हातात घेतल्यावर ते रिकामे आहे की भरलेले, हे वजनावरून लगेच कळावे. उलट बाजूला हाडाच्या पट्ट्या जडवलेली दोन बारूददाने आहेत, आणि ती ‘हाड’ म्हणूनच लिहिलेली आहेत. मालक गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देतात: हाडावर बारीक काळपट ठिपके दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा.

आता तक्रारीकडे वळतो. तिसऱ्या भेटीत मला ‘दख्खन, रंजकदाणी, पितळ, सतरावे-अठरावे शतक’ अशी चिठ्ठी लावलेली कोयरीच्या आकाराची एक डबी दिसली. किंमत २४० पौंड. हातात घेताच मला पानाचा डबा आठवला. डबीचे झाकण बिजागरीवर पूर्ण उघडत होते, तोटी नव्हतीच, आणि कडेला साखळी अडकवण्याची कडी होती. रंजक ओतायची तर अरुंद तोंड हवे. इथे तर दोन बोटे आत जात होती. भिंगातून पाहिले तर बिजागरीच्या बेचक्यात पांढरा, दगडासारखा घट्ट थर होता. दारूचा अवशेष काळा असतो. हा चुना होता, आणि ती डबी म्हणजे आपल्या घराघरांत असलेले साधे चुनाळे होते. मालक सुरुवातीला मानायला तयार नव्हते, कारण त्यांनी ती दुसऱ्या विक्रेत्याकडून याच नावाने घेतली होती, आणि पहिली दहा मिनिटे त्यांचा स्वर मला आवडला नाही. पण चुनाळे कसे वापरतात, साखळीला छोटा चमचा का असतो, हे मी समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतः भिंग लावून पाहिले, चिठ्ठी काढून टाकली आणि माझ्यासमोर नवी लिहिली: ‘चुन्याची डबी, पश्चिम भारत’. किंमत ६० पौंडांवर आली. मी ती घेतली. हीच माझी तिसरी खरेदी. मासा, मोर, कोयरी अशा आकारांची आपली चुनाळी आणि अत्तरदाण्या शस्त्रांच्या नावाने विकल्या जातात, ही गोष्ट मराठी संग्राहकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती ओळखण्यात आपल्यासारखा दुसरा जाणकार नाही.

बाकी उणिवा किरकोळ आहेत. आतल्या खोलीत उजेड कमी आहे, तेव्हा स्वतःची विजेरी न्यावी. टपालाने मागवू नये. बांधणी ढिली असल्याने माझ्या एका स्नेह्याच्या बारूददानाची कळ वाटेत वाकली. कॉकेशसमधील अंगरख्याच्या छातीवर शिवलेल्या खिशांत खोचतात त्या काडतुसांच्या नळ्या इथे सुट्या विकतात, आणि पूर्ण संच मिळणे कठीण असल्याने त्या मला महाग वाटल्या.

एक सोय मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. विक्रीला ठेवण्याआधी मालक प्रत्येक बारूददान उघडून रिकामे करतात. कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. भरपूर पाणी घातले की तिच्यातला सोरा हा क्षार विरघळतो, आणि ते पाणी ओतून टाकले की ती निकामी होते. माझ्या डिक्सनच्या पोटातून निघालेली चमचाभर दारू त्यांनी पाण्यात कालवलेली दाखवली, आणि तिचा काळा गाळ कागदावर वाळवून वस्तूबरोबर दिला. तो मी जपून ठेवला आहे. ऑक्टोबरात पुन्हा जायचा बेत आहे. सॅक्सनीचे तिकोनी बारूददान अजून विकले गेलेले नाही, आणि तोटी बदललेली असूनही ते मला हवे आहे.