महाद्वार रस्त्याजवळचे अत्तराचे दुकान: हुंगण्यासाठी उत्तम, चोळण्यासाठी नव्हे

अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वार रस्त्याने निघाले की एका बोळात अत्तरे आणि सुगंधी तेले विकणारे लहानसे दुकान लागते. येथील खसाचे अत्तर मला विशेष आवडते. ते कनौजच्या देग-भपक्याच्या (तांब्याच्या हंड्यात उकळून वाफ गोळा करण्याच्या) पद्धतीने काढलेले असून त्याचा मातकट गारवा सुती कापडावर दुसऱ्या दिवशीही जाणवतो. दुकानदार कापसाचा फाया करून देतात आणि पहिला वास ओसरल्याशिवाय दुसरी कुपी उघडत नाहीत.

मात्र गल्ल्यामागे ‘सुगंधाने त्वचेची प्रतिकारशक्ती वाढते’ अशी पाटी आहे आणि खाज, इसब यांवर चोळण्यासाठीही हीच तेले सुचवली जातात. हे मला गंभीर वाटते. वासाचा त्वचेच्या प्रतिकारयंत्रणेशी संबंध आहे, हे खरे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात सिट्राल्व्हा आणि लायरल हे कृत्रिम सुगंध हुंगवलेल्या उंदरांच्या त्वचेवरील ॲलर्जीची प्रतिक्रिया मंदावली होती. म्हणजे तेथे प्रतिकार वाढला नव्हता, दबला होता, आणि तोही नाकावाटे. तोच लायरल अंगाला लागल्यावर अनेकांना ॲलर्जी होते, म्हणून युरोपीय संघात २०२१पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. नाकाला मानवणारे द्रव्य त्वचेलाही मानवेल, हे गृहीतकच येथे कोसळते.

चंदनाच्या तेलाची शिफारस करताना ‘परदेशात सिद्ध झाले आहे’ असे सांगितले जाते. जर्मनीतील बोखुम येथील हान्स हाट यांच्या गटाने २०१४ साली त्वचेच्या पेशींवर गंध ओळखणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर) असल्याचे आणि तो जागा झाल्यावर त्या पेशींची वाढ व हालचाल वेगावत असल्याचे दाखवले, हे संशोधन मोलाचेच आहे. परंतु प्रयोगातील सँडलोर हा गंध चंदनासारखा असला तरी कृत्रिम होता आणि काम प्रयोगशाळेतील पेशींवर झाले होते, इसब झालेल्या माणसांवर नव्हे. अमेरिकेत २००८ साली ५६ निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात लिंबाच्या वासाने मन प्रसन्न झाले, चिकटपट्टीने सोललेली त्वचा मात्र लवकर भरून आली नाही.

म्हणून अत्तरे येथून अवश्य घ्यावीत आणि कपड्यांना लावावीत. इसबासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. संत्र्याच्या सालीच्या तेलातील लिमोनीन हवेच्या संपर्काने हळूहळू ॲलर्जी घडवणाऱ्या संयुगांत बदलते, तरी येथील बाटल्यांवर भरल्याची तारीख नसते. ती तारीख दुकानाने त्वरित छापावी आणि ती पाटी काढावी.