हाडातली प्लेट आणि ट्रेमधली कात्री: ३१६एल की ४२०?

ऑपरेशनच्या ट्रेमध्ये कात्री आणि मोडलेल्या हाडाला लावायची प्लेट, दोन्ही स्टेनलेस स्टीलच्या, सारख्याच चकाकतात, पण लोहचुंबक जवळ नेलं की फरक कळतो. कात्री टक्कन चिकटते, हाडाची प्लेट ढिम्म हलत नाही.

कात्री बहुधा ४२० जातीच्या स्टीलची. क्रोमियम १२ ते १४ टक्के आणि कार्बन भरपूर, म्हणून लोहार कोयत्याला देतो तसं हिला पाणी देता येतं. तापवून झटकन थंड केली की कडक होते, धार टिकते. दुखणं एकच, मीठ. रक्त लागलेली कात्री सलाइनमध्ये भिजत ठेवली, की बिजागरीच्या फटीत तपकिरी ठिपके धरतात. मग ऑटोक्लेव्हला (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) शिव्या घालून काय उपयोग? वापरल्यावर लगेच धुवा, सांधा उघडून कोरडा करा.

प्लेटला ही चैन नाही. ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खारट द्रवात बुडालेली. तिथे ३१६एल जातीचं स्टील लागतं: निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. मॉलिब्डेनममुळे मिठातल्या क्लोराइडला पृष्ठभागावर खड्डे पाडणं अवघड जातं. मात्र पाणी देऊन हे कडक होत नाही. याची कात्री केली तर चार दिवसांत बोथट. आणि इम्प्लांटसाठी, म्हणजे शरीरात बसवायच्या अशा भागांसाठी, बाजारातलं कुठलंही ३१६एल चालत नाही, त्याची जास्त शुद्ध, वेगळ्या मानकाची जात लागते.

निकेलची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा. तिथे टायटॅनियमचा विचार होतो.