धर्मादाय खाटेची फाईल ‘पास करून देणारा’ माणूस

पुण्यातल्या एका मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलात माझ्या चुलत्यांची, तात्यांची, बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल आणि वॉर्डातल्या सिस्टरांबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. आम्हाला गंडवलं ते हॉस्पिटलच्या आवारात दिवसभर वावरणाऱ्या, पण हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर कुठेच नसलेल्या एका माणसाने. असे लोक बऱ्याच मोठ्या दवाखान्यांभोवती असतात असं आता कळतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तात्या बार्शीकडचे. छातीत दुखायला लागलं म्हणून आधी सोलापूरला नेलं, तिथून पुण्याला आणलं. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले आणि हातात साडेतीन लाखांचं इस्टिमेट आलं. चुलतभाऊ ते कागद घेऊन मेडिकलच्या रांगेत उभा होता, फोनवर कुणाकडे तरी पैशांचं बोलत होता. फोन ठेवल्याबरोबर बाजूचा माणूस म्हणाला, “दादा, किती सांगितलेत? एवढे भरायची गरज नाही. चॅरिटीत बसवू आपण.” पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. ते कायम उलटं फिरलेलं असायचं, त्यामुळे त्यावर काय लिहिलंय ते आम्हा कुणालाच वाचता आलं नाही. स्वतःची ओळख त्याने ‘ट्रस्टचा माणूस’ अशी करून दिली.

तो सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर ते पटलं. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. धर्मादाय म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे, त्याला सगळे आयपीएफ (निर्धन रुग्ण निधी) म्हणतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तात्यांचा तहसीलदारांचा दाखला दोन लाख चाळीस हजारांचा, म्हणजे ते दुसऱ्या गटात सरळ बसत होते. हे सगळं त्या माणसाने आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवलं. एकच गोष्ट गाळली: या अर्जाला एक रुपयाही फी नाही.

पहिल्या दिवशी त्याने ‘फाईल चार्ज’ म्हणून पाच हजार रोख घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ट्रस्टी साहेबांची सही बाकी आहे, सही आजच झाली तर बरं, नाहीतर कोटा भरतो. त्यासाठी बारा हजार, आणि ते मोबाईलवरून. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. भावाने विचारलं तर म्हणाला, “ट्रस्टचं खातं ऑडिटला आहे हो, हे आपल्याच माणसाचं आहे.” शेवटी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आणखी दहा हजार रोख. त्याच वेळी त्याने अस्सल रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा अस्सल दाखलाही नेला. झेरॉक्स चालत नाही म्हणाला. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर एक ‘फाईल नंबर’ आला आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

भांडं फुटलं ते त्या नंबरामुळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना ऑपरेशन थिएटरात नेताना सिस्टर त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर केसपेपरशी ताडून मोठ्याने वाचत होत्या. मी शेजारीच उभी होते. तोच नंबर! आम्हीच दिलेल्या ॲडमिशनच्या कागदावरून उचलून त्याने तो आम्हालाच परत पाठवला होता. फाईल वगैरे काही नव्हतीच.

मी थेट समाजसेवा विभागात गेले, हे अर्ज तिथेच घेतात. तो तळमजल्यावर, एक्सरेच्या पलीकडे. तिथल्या मॅडमसमोर फायलींचा ढीग आणि दाराशी रांग. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यातच थांबवून विचारलं, “निळी फीत का?” त्यांना तो माहीत होता. सिक्युरिटीने त्याला दोनदा बाहेर काढलंय, पण ओपीडीच्या वेळेत गर्दीत कोण कुणाचा नातेवाईक हे ओळखणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ते मला अर्धंच पटलं. योजनेची माहिती देणारा फलक त्या हॉस्पिटलात आहे, नाही असं नाही. तो पाण्याच्या कूलरच्या मागे आहे, वाचायचा तर कूलर सरकवावा लागेल. माहिती अशी दडवून ठेवली की ती सांगण्याचे पैसे घेणारा आपोआप तयार होतो.

त्याच्या धंद्याची गोम मॅडमनीच समजावली. तो आत काहीच करत नाही. तो फक्त कागद बघून कुणाचं काम नियमात बसतं ते हेरतो आणि नातेवाइकांना गोड बोलून, “समाजसेवेत एक अर्ज टाकून ठेवा, बाकी मी बघतो,” असं सांगतो. अर्ज मंजूर व्हायचा तो नियमानेच होतो, श्रेय आणि पैसे हा घेतो. नामंजूर झाला तर “वरून नाही झालं” म्हणून हजार-दोन हजार परत करतो, आणि लोक उलट त्यालाच भला माणूस म्हणतात. दोन्हीकडून त्याचीच चांदी.

आमच्या बाबतीत तर त्याने तो अर्जही टाकू दिला नव्हता. अस्सल कागद त्याच्याकडे, आणि पडताळणीसाठी मॅडमना तेच हवे होते. तो फोन उचलेना. शेवटी भावाने त्याला चहाच्या टपरीवर गाठला, चार माणसं जमली तेव्हा त्याने रेशनकार्ड आणि दाखला काढून दिला, पैशांचं नाव काढल्यावर गर्दीतून सटकला. अर्ज मग आम्हीच भरला, डिस्चार्जच्या आधी मंजूर झाला आणि बिलात सवलतीची रक्कम वेगळ्या ओळीत छापून आली. खर्च झाला तो फॉर्मच्या झेरॉक्सचा.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाला तर त्याने उत्पन्नाचा कमी रकमेचा दाखलाच ‘करून’ देऊ केला होता. हे फार वाईट प्रकरण आहे. खऱ्या दाखल्यावर बारकोड असतो, तो ऑनलाइन तपासता येतो, आणि खोटा निघाला तर त्या कागदावर नाव रुग्णाचं असतं, एजंटाचं नव्हे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर रुग्णाला दाखल केल्या केल्याच हॉस्पिटलचा वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतो ते विचारा आणि कागद त्याच्याच टेबलावर दाखवा. अस्सल कागद हातातून सोडायचा नाही, तो बघून लगेच परत देतात. तात्काळ जीव वाचवायचा प्रश्न असेल तर धर्मादाय हॉस्पिटलला अनामत रकमेसाठी रुग्ण अडवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे. खाटा भरल्यात असं कुणी सांगितलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटा बघा, आणि दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या सहायक किंवा उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही सरकारची मोफत उपचारांची योजना, ती वेगळी भानगड आहे, दोन्हींची गल्लत करू नका. ती असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे त्या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, फोन १५५३८८. आमचं हॉस्पिटल त्या योजनेत नव्हतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही फुकटच असतो, त्याच्यासाठी कुणी ‘मंत्रालयात ओळख आहे’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

पैशांचं म्हणाल तर बारा हजार ऑनलाइन गेले होते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. त्यातले साडेसात हजार त्या दुकानाच्या खात्यात गोठवलेले सापडले. ते अजून परत मिळायचेत. रोख दिलेल्या पंधरा हजारांचा पुरावा काहीच नाही. चौकीत हवालदारांनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. त्या माणसाचा व्हॉट्सॲप नंबर अजून चालू आहे. फोटो तोच, नाव मात्र बदलून ‘रुग्णसेवक’ केलंय. त्याचा स्क्रीनशॉट मी हॉस्पिटलच्या प्रशासनाला आणि चौकीला, दोन्हीकडे पाठवून ठेवला आहे.